लामूचे दगड आणि लांगोनीचा डफ

लामूच्या धक्क्यावर बोटीतून उतरलं की आधी गाढवं दिसतात. वाळूच्या गोण्या, सिमेंट, बांधकामाचे दगड, सगळं त्यांच्या पाठीवर. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लादलेलं गाढव आलं तर आपण भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मोटारीला इथे वावच नाही. केनियाच्या उत्तर किनाऱ्याजवळचं हे बेट, आणि बेटाचंच नाव गावालाही. २००१ साली युनेस्कोने हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पूर्व आफ्रिकेतलं सर्वांत जुनं आणि सर्वांत चांगलं टिकलेलं स्वाहिली गाव म्हणून लोक ते बघायला येतात. मीही तसाच गेलो होतो.

आपल्या माणसाला इथे फार परकं वाटत नाही. बंदराला 'बंदारी', सरकारला 'सेरिकाली', पैशाला 'पेसा', विम्याला 'बिमा', दुकानाला 'दुका' म्हणतात. कास्काझी म्हणजे ईशान्येचा वारा. तो सुरू झाला की अरबस्तानातून आणि कच्छ-काठियावाडातून गलबतं इकडे यायची, आणि कुसी म्हणजे नैर्ऋत्येचा वारा लागला की परत फिरायची. शब्दही त्याच शिडांनी आले. इंग्रजांनी राज्य बसवलं तेव्हा त्यांच्या पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपयाच चालत होता.

गावाचं जुनेपण खरं आहे. १४४१ साली मक्केत आलेल्या लामूच्या एका काझीची नोंद अरबी इतिहासात सापडते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज आले आणि खंडणी ठरवून गेले. १८१२-१३च्या सुमारास शेजारच्या पाते बेटाने आणि मोंबासाच्या मझरुईंनी मिळून लामूवर स्वारी केली. शेलाच्या किनाऱ्यावर लढाई झाली, ओहोटीमुळे हल्लेखोरांची गलबतं वाळूत रुतली आणि लामूकरांनी त्यांना कापून काढलं. पण जिंकूनही धास्ती गेली नाही. लामूने ओमानच्या सय्यद सईदकडे संरक्षण मागितलं. मदतीला आलेल्याने पुढे मालकी सांगितली, यात नवल नाही. १८२१ साली पुरा झालेला गावातला किल्ला त्याच काळातला. १९८४ पर्यंत तिथे तुरुंग होता.

म्कोमानी हा गावाचा उत्तरेकडचा, दगडी वाड्यांचा भाग. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, त्यांवर प्रवाळच भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा. छताला कांदळवनातले वासे, त्यांना बोरिती म्हणतात. वासा जेवढा लांब तेवढीच खोलीची रुंदी, म्हणून इथल्या खोल्या लांबट आणि चिंचोळ्या. आतल्या भिंतीत गिलाव्याच्या कोनाड्यांच्या रांगाच रांगा, त्यांत एके काळी चिनी बशा मांडलेल्या असत. दारावर ओट्यासारखी जागा, तिला डाका म्हणतात. पाहुण्याला तिथेच बसवायचं, आत बायकांचं राज्य. वाटाड्या हे सगळं अभिमानाने दाखवत होता. मी विचारलं, हे बांधलं कोणी? त्याने जरा आवाज खाली आणला. "वातुम्वा." म्हणजे गुलामांनी.

माहितीपुस्तकांत हा शब्द ओळीभरात उरकतात. दगडी घरात राहणारे ते वाउंग्वाना, म्हणजे खानदानी. समोरच्या मुख्य भूमीवरची शेतं पिकवायला, कांदळवन तोडायला, चुन्याच्या भट्ट्या लावायला गुलाम. खानदानी बाई घराबाहेर पडायची तेव्हा तिच्याभोवती 'शिरा' नावाचा कापडी मांडव धरून गुलाम बायका चालायच्या. त्यांनी स्वतःचा चेहरा झाकायचा नाही. या किनाऱ्यावर पडदा हा प्रतिष्ठेचा हक्क होता, म्हणून गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या बायकांनी बुरखा, इथला 'बुईबुई', हौसेने अंगावर घेतला. आपल्याकडे बुरख्यावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना हे ऐकून थोडं अडखळायला होईल.

गुलाम सोसत बसले नाहीत. पळालेल्यांना 'वातोरो' म्हणत, आणि मुख्य भूमीवर वितूच्या जंगलात त्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. १८७३ साली इंग्रजांच्या दबावाखाली झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद केला. केनियाच्या किनाऱ्यावर गुलामगिरीची कायदेशीर मान्यता मात्र १९०७ पर्यंत टिकली. मालक मुसलमान होते, गुलामही बहुतेक मुसलमान झालेले होते. हे लिहिताना आपल्यातले काही जण लगेच अटलांटिक व्यापाराचं क्रौर्य मोजायला घेतात. ते क्रौर्य मोठं होतंच, पण त्याने लामूचा हिशेब फिटत नाही.

दक्षिणेकडचा भाग लांगोनी. इथे माती-कुडाची, माडाच्या झापांनी शाकारलेली घरं, नव्याने आलेल्यांची आणि मुक्त झालेल्यांची वस्ती. कोमोरो बेटांवरून आलेले हबीब सालेह जमालुल्लैल या भागात स्थिरावले. सय्यद घराण्यातला हा माणूस खानदानी वाड्यांत पाहुणा म्हणून सहज राहू शकला असता. त्यांनी ज्यांना कुणी शिकवत नव्हतं अशांना कुराण शिकवायला घेतलं, त्यांच्या आजाऱ्यांवर उपचार केले. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तिथे रियाधा मशीद उभी राहिली. हद्रमौतमधल्या सैऊनच्या हबशी पीरांनी रचलेला मौलूद इथे डफाच्या तालावर म्हटला जाऊ लागला. मशिदीत डफ! जुन्या मंडळींना ते रुचलं नाही. पण ज्यांचे ढोल आजवर शेतावर आणि लग्नात मालकासमोर वाजले, त्यांचा ताल पहिल्यांदा अल्लाच्या घरात ऐकू आला. आज रबीउल अव्वल महिन्यातल्या मौलीदीसाठी पूर्व आफ्रिकेतून माणसं लोटतात. गाढवांच्या आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यतीही लागतात.

या कथेला क्रांती म्हणायचा मोह होतो. मानववंशशास्त्रज्ञ अब्दुल हमीद अल-झैन यांनी १९७४च्या पुस्तकात लामूतला हा संघर्ष तपशिलात मांडला. नंतरच्या अभ्यासकांना ते चित्र जास्त ठळक वाटलं. मला अडचण दिसते ती वेगळी. दार उघडणारा सय्यद होता, आणि मशिदीचं नेतृत्व पुढे त्यांच्याच घराण्यात राहिलं. गुलामाच्या नातवाला सनद मिळाली, गादी नाही. दर्ग्यांच्या गाद्या आणि बिरादऱ्यांची उतरंड पाहत वाढलेल्या आपल्याला हे समजावून सांगावं लागू नये. आपण मलिक अंबरचं नाव छाती फुगवून घेतो, कारण गुलाम असूनही तो निजामशाहीचा कारभारी झाला. जे कारभारी झाले नाहीत, आयुष्यभर चुन्याची भट्टीच लावत राहिले, त्यांची नावं कुठल्या तवारिखेत आहेत?

मी गेलो त्या संध्याकाळी मशिदीच्या अंगणात पोरं सबक म्हणत होती. एकाने मला पाहून "शिकामू" म्हटलं. वडीलधाऱ्यांना करायचा हा नमस्कार, शब्दशः अर्थ 'तुमचे पाय धरतो'. काहींच्या मते तो गुलामाने मालकाला करायच्या सलामीतून आला. उत्तर 'माराहाबा' द्यायचं असतं. मी दिलं, आणि पोरगं परत सबक म्हणायला पळालं. तिकडे म्कोमानीत काही जुने वाडे घराण्यांनी विकलेत, आणि युरोपीय मालकांनी त्यांत सुट्टीची घरं थाटली आहेत. बोरितीची छतं दुरुस्त करायला, चुना मळायला माणसं लागतातच. ती सकाळी लांगोनीतून येतात.