रसदीचा वाद आणि कथनाची संभवनीयता

मॅक्स बॅरी यांनी २००२ साली सुरू केलेल्या ‘नेशनस्टेट्स’ या आंतरजालावरील खेळात खेळाडू कल्पित राष्ट्रे चालवितात, आपली युद्धे लिहून काढतात. तेथे वाद शौर्यापेक्षा फौजेला धान्य कोठून आले, शेजारचे राष्ट्र तटस्थ का राहिले, यांवरून जुंपतो.

पानिपताच्या मराठी कथनांना हीच कसोटी लावून पाहावी. ‘भाऊसाहेबांची बखर’ उपासमार सांगते. परंतु करुणरसाचा विभाव म्हणून, पराभवाचे कारण म्हणून क्वचितच. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतला पर्यायी इतिहासही विश्वासरावांना गोळी चुकते तेथूनच फुटतो.

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात छापलेल्या पत्रांचे जग निराळे आहे. भाऊ गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैसा मागतात, शत्रूची रसद मारा म्हणून निकड लावतात. सुजाउद्दौला अब्दालीस मिळालेला, सुरजमल जाट दूर झालेला. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली ती उपाशीपोटी, आणि विश्वासराव तेव्हा जिवंत होते.