त्र्यंबकेश्वराचा हिरा

तामसीहून आदिलाबाद जिल्ह्यातील काही मंडळींसमवेत आम्ही त्र्यंबकेश्वरी गेलो होतो. महाद्वाराबाहेर एक वाटाड्या परदेशी प्रवाशांस सांगत होता की, येथील शंकराच्या मूर्तीच्या डोळ्यात एक हिरा होता, तो इंग्रजांनी चोरला. प्रवाशांनी माना डोलावल्या. आमच्यातील वकील मात्र जागा झाला.

पहिला प्रश्न हा की, डोळा कोणाचा? येथील गाभाऱ्यात डोळे असलेली मूर्तीच नाही. खोलगट शाळुंकेत अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. ‘त्र्यंबक’ म्हणजे त्रिनेत्र, यावरूनच कोणा युरोपीयाने डोळा कल्पिला असावा असा आमचा तर्क आहे. विल्की कॉलिन्सच्या १८६८ सालच्या ‘मूनस्टोन’ या कादंबरीने असल्या कल्पनांस चांगलेच खतपाणी घातले. तीत देवाच्या कपाळीचा हिरा श्रीरंगपट्टणच्या लुटीत हरवतो, लंडनचा गुप्त पोलीस त्याचा माग काढतो, आणि अखेर हिरा देवाकडे परततो.

आमच्या प्रकरणात गुप्त पोलिसाची गरजच नाही. ज्यास जग ‘नासक’ म्हणते तो सुमारे ९० कॅरेटांचा हिरा पेशव्यांच्या जडजवाहिरात होता. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी शरणागती पत्करली; हिरा कंपनीच्या हाती पडून लंडनला गेला. रंडेल व ब्रिज या पेढीने त्यास नवे पैलू पाडले. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसाने विकत घेतला. सारे कसे उजेडात, पावतीनिशी!

मग ही चोरी की युद्धातील लूट? इंग्रजी न्यायाचे उत्तर तयार होते. त्याच युद्धात रायगडच्या किल्लेदाराकडील द्रव्य पुण्यात जप्त झाले. त्यावर मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने दावेदाराच्या बाजूने निकाल दिला. परंतु १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. जप्ती हे युद्धाचे कृत्य, त्यात दिवाणी न्यायालयाने पडू नये, असा त्याचा मथितार्थ. जेत्यास यापरते सोयीचे सूत्र ते कोणते?

परंतु हे सूत्र पेशव्यांच्या मालमत्तेस लागू. हिरा देवाचा असेल तर पेशवे केवळ राखणदार ठरतात, आणि राखणदाराच्या पराभवाने धन्याचे धन जाते काय? फोंडा महालातील देवस्थानांच्या महाजनांस हा भेद समजावून सांगावयास नको. देवमूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलनेच १९२५ मध्ये मान्य केले. आणि १९९१ मध्ये तमिळनाडूतील पत्तूरच्या नटराजाच्या खटल्यात लंडनच्या अपील न्यायालयाने देवळाचा दावाही चालवून घेतला. अर्थात नासक त्र्यंबकेश्वराचा होता, ही गोष्ट मुख्यतः परंपरेवर उभी आहे, आणि विरुद्ध पक्षाचा वकील प्रथम देवळाच्या दागिन्यांची यादी मागेल. आम्हीही मागितली असती.

न्यायालयात हा हिरा उभा राहिला तो मात्र निराळ्याच कारणाने. १९२७ च्या सुमारास पॅरिसच्या मोबुसाँ यांनी तो अमेरिकेत नेला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू असेल तर जकात माफ होती. एका प्रतिस्पर्धी जवाहिऱ्याने हरकत घेतली. खालच्या न्यायालयाने हिरा कलावस्तू मानला, वरच्याने तो केवळ पैलू पाडलेला हिरा ठरवला. वाद जकातीपुरता, तेथे त्र्यंबकेश्वर पक्षकार नव्हता, आणि त्यास कोणी बोलावलेही नाही.

१९४० मध्ये हॅरी विन्स्टन या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याने हिऱ्यास पुन्हा पैलू पाडले. आता त्याचे वजन ४३.३८ कॅरेट आहे. निम्म्याहून अधिक मुद्देमाल सहाणेवरच झिजून गेला. उद्या कोणी फिर्याद गुदरलीच, तर त्यातील वस्तूचे वर्णनदेखील जुळावयाचे नाही.