त्रिनिदाद : कोलकात्याहून जाणाऱ्यांसाठी

त्रिनिदाद व टोबॅगो या कॅरिबियन देशातले मोठे बेट. कोलकात्याहून निघालेले ‘फातेल रझाक’ जहाज ३० मे १८४५ रोजी इथे पोचले, त्यावर सव्वादोनशेच्या आसपास मजूर होते. १९१७ पर्यंत लाखाहून अधिक माणसे गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यांत आली. बहुतेक जण जहाजात चढले हुगळीकाठी, पण मूळचे ते आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातले आणि बिहारमधले. त्यामुळे कोलकातेकराने तिथे बंगाली शोधू नये. फगवा (होळी) आणि तिथल्या भारतीय वंशीयांचे ‘चटणी’ संगीत मात्र जागोजाग भेटेल. त्या पहिल्या आगमनाच्या स्मरणार्थ ३० मे रोजी सार्वजनिक सुट्टी असते.

जाण्याआधी पीतज्वराची लस टोचून घ्यावी. ती खरे तर परत येण्यासाठी लागते, कारण भारत त्रिनिदादला पीतज्वराचा प्रदेश मानतो. प्रमाणपत्र नसेल, तर मायदेशी उतरताच सहा दिवसांपर्यंत विलगीकरण वाट्याला येऊ शकते. लशीनंतर दहा दिवसांनीच ते ग्राह्य ठरते. लष्करी नक्षीचे कपडे बॅगेत नकोतच; लहान मुलांनाही ते घालायला कायद्याने बंदी आहे.

टॅक्सीचा क्रमांक ‘एच’ने सुरू होतो, ‘पी’ची गाडी खासगी. मॅक्सी-टॅक्सीवरच्या पट्ट्याचा रंग पाहून तिचा भाग ओळखता येतो. गाडीत बसताना किंवा दुकानात शिरताना आधी अभिवादन करायचे. थेट भाव विचारणे उद्धटपणाचे. अंधार पडल्यावर भेटतानाच ‘गुड नाइट’ म्हणतात, त्याने दचकू नये.

सकाळी टपरीपाशी उभ्याने ‘डबल्स’ खावेत : दोन मऊ ‘बारा’, म्हणजे तळलेल्या छोट्या पोळ्या, मध्ये चण्याची रसदार भाजी. तिखट किती घालायचे ते आधीच सांगावे, तिथली मिरची जहाल असते. धालपुरी ही कोलकात्याच्या डालपुरीची सख्खी बहीण.

वॉटरलू इथले समुद्रातले मंदिर पाहावे. शिवदास साधू यांनी आधी किनाऱ्यावर मंदिर बांधले होते. जागा साखर कंपनीची निघाली, मंदिर पाडले गेले, त्यांना तुरुंगवास झाला. मग त्यांनी समुद्रातच भर घालून तिथे मंदिर उभारले. आत जाताना चपला काढायच्याच.

अनोळखी माणसाशी बोलायला क्रिकेटसारखा विषय नाही. १९७१च्या मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर सुनील गावसकर पहिली कसोटी खेळले आणि अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला प्रथमच हरवले. एप्रिलमध्ये गावसकरांनी तिथेच १२४ आणि २२० धावा काढल्या, आणि कॅलिप्सो गायक लॉर्ड रिलेटर यांनी त्यांच्यावर गाणे रचले.