वाळूवर थांबलेला बुरूज

१८७२ सालचा मे महिना. न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरखाली, तळ नसलेल्या एका अवाढव्य लाकडी पेटीत तुम्ही उभे आहात. लांबी १७२ फूट, रुंदी १०२. डोक्यावरच्या जाडजूड छतावर ब्रुकलिन पुलाच्या बुरुजाचे दगड चढताहेत. तुम्ही आतली वाळू उपसायची आणि त्या वजनानं पेटीनं खाली रुतत जायचं. नदीचं पाणी बाहेर थोपवलंय ते आत दाबून भरलेल्या हवेनं.

शेजारच्याला हाक मारता, तर आवाज चिरका निघतो. शीळ घालू पाहता, ती वाजतच नाही. वाळू वर न्यायला बादल्या नकोत. नळाच्या तोंडाशी फावड्यानं ढीग लावायचा नि झडप उघडायची. हवेचा दाबच वाळू-गोटे वर भिरकावतो.

पाळी दोन तासांची, मग विश्रांती, पुन्हा दोन तास. खरा धोका बाहेर पडताना. हवाबंद खोलीत तुमच्यावरचा दाब फार घाईनं उतरवतात आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे पिळवटून निघतात, पाय लुळे पडतात. हे कारण इथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही. फ्रान्सचे पॉल बेर ते १८७८ मध्ये मांडतील. एप्रिलमध्ये दोन मजूर गेले. जादा मजुरीसाठी संपही झाला.

पाया खडकावरच हवा, असं कुणीही म्हणेल. पण इथल्या खडकाची पाठ उंचसखल आहे. सबंध पेटी त्यावर टेकवायची तर आणखी खोल जायचं, म्हणजे आणखी माणसं गमवायची. आता पायाखालची वाळू बघा. लोखंडी सळई ठोकली, तर ती आत शिरण्याआधी चेपते. साचल्यापासून हा थर हललेलाच नाही, असा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांचा कयास. मृदयांत्रिकीचा पाया घालणारं टेर्झाघींचं पुस्तक यायला अजून ५३ वर्षं आहेत, म्हणजे हाताशी सूत्र नाही; आहे ती पारख. १८ मे रोजी, ७८ फूट ६ इंचांवर, ते थांबायचं ठरवतात. पेटी काँक्रीटनं भरून टाका!

माझ्या मते या पुलावरचा सर्वांत मोठा निर्णय हाच. पोलादी तारांचं कौतुक सगळे करतात, या थांबण्याचं फारसं कुणी करत नाही. रोबलिंग स्वतः त्याच आजारानं खचले. पत्नी एमिली यांनी त्यांचा शब्द कामावर पोहोचवत पूल पुरा करवला. २४ मे १८८३ रोजी तो खुला झाला. मॅनहॅटनच्या बाजूचा बुरूज आजही खडकावर नाही, त्या वाळूवरच उभा आहे.