मुका मार आणि त्याची साक्ष

आपल्या मराठीत एक नेमका शब्द आहे: मुका मार. मार बसलाय, आत ठणकतंय, पण वर काहीच दिसत नाही. या मुक्या माराला बोलतं कसं केलं गेलं, ते आज आपण पाहू.

आधी न दिसण्याची किंमत पाहू. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. उच्च न्यायालयाने आरोपींना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. अंगावर जखमेची खूण नाही, म्हणजे प्रतिकार नाही, हा त्यातला एक आधार होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून या निकालाला आव्हान दिलं. १९८३ मध्ये कायदा बदलला.

त्याच दशकांत अमेरिकेत परिचारिका अशा तपासणीचं खास शिक्षण घेऊ लागल्या. १९९२ मध्ये मिनीआपोलिसला परिचारिकांनी न्यायवैद्यक परिचर्येची आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. त्यांच्यापुढची एक रोजची अडचण आपल्याला सहज कळेल: सावळ्या, काळ्या कातडीवर काळंनिळं उमटलेलं अनेकदा दिसतच नाही.

यावर उपाय रक्तातच होता. काळंनिळं होणं म्हणजे त्वचेखाली रक्त सांडणं. रक्तातलं हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश जोरात शोषतं. पुढे त्यापासून बनणारं बिलिरुबिन निळा प्रकाश शोषतं. असा प्रकाश टाकून पिवळ्या चष्म्यातून पाहिलं, की मार बसलेली जागा गडद दिसते. कॅथरीन स्काफाइड आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या वर्णांचे १५७ स्वयंसेवक होते. ४१५ आणि ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात डाग सापडण्याची शक्यता साध्या पांढऱ्या उजेडाच्या सुमारे पाचपट निघाली.

पण जपून! मेकअप, मलम, तीळ, जुना डाग हेही या दिव्यात गडद दिसू शकतात. म्हणून आधी नीट विचारपूस, मग साध्या उजेडात तपासणी, आणि त्यानंतर हा दिवा.

आणि उलट बाजूही आपण विसरायची नाही. दिव्याखाली काही दिसलं नाही, म्हणून मार बसलाच नाही असं होत नाही. नाहीतर देसाईगंजची चूक आपण नव्या यंत्राने पुन्हा करू.