तव्यांचा कुळव : माती उडवणारे आणि माती राखणारे एकच अवजार

१४ एप्रिल १९३५. कॅन्सस, ओक्लाहोमा आणि टेक्सास या अमेरिकी राज्यांच्या सपाट पठारावर त्या रविवारी सकाळ स्वच्छ उजाडली. कित्येक आठवड्यांच्या धुळीनंतर लोकांनी खिडक्या उघडल्या, कपडे वाळत घातले. दुपारी उत्तरेकडून क्षितिजावर एक काळी भिंत दिसू लागली. ती ढगांची नव्हती, मातीची होती. काही मिनिटांत भर दिवसा स्वतःचा हात दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी एका वृत्तसंस्थेच्या बातमीदाराने या प्रदेशासाठी दोन शब्द वापरले आणि ते इतिहासात कायमचे रुजले : ‘डस्ट बोल’, म्हणजे धुळीचे खापर.

या आपत्तीची कारणे सांगताना दुष्काळ, गव्हाचा भाव आणि माणसाची हाव यांचा उल्लेख नेहमी होतो. त्यामानाने एका अवजाराचे नाव क्वचितच घेतले जाते. आपल्याकडचे शेतकरी त्याच्या भावंडांना तव्यांचा नांगर आणि तव्यांचा कुळव म्हणतात. इंग्रजी नाव सगळ्यांच्या तोंडी आहे : डिस्क हॅरो.

हे नाव मराठी शेतकऱ्याने किती अचूक ठेवले आहे पाहा. भाकरीच्या तव्यासारख्या खोलगट पोलादी चकत्या एका दांड्यावर ओळीने बसवलेल्या असतात. दांडा ओढण्याच्या दिशेला काटकोनात ठेवला, तर तवे गाडीच्या चाकांसारखे नुसते फिरतील. तो थोडा तिरका केला की प्रत्येक तवा फिरता फिरता माती कापतो, उचलतो आणि बाजूला फेकतो. जेवढा तिरकसपणा अधिक, तेवढी खोदाई अधिक आणि तेवढीच ओढही जड.

येथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. लोखंडी नांगराचा फाळ आपल्या आकारामुळेच जमिनीत ओढला जातो. तव्याला अशी ओढ नसते. तो जमिनीत शिरतो तो मुख्यतः स्वतःच्या वजनाने. हलका तवा कठीण जमिनीवर नुसता ओरखडे काढीत जातो. जुन्या अवजारांच्या चौकटीवर दगड किंवा वाळूची पोती ठेवीत, ती याचसाठी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही अवजारे अमेरिकेत पसरली. कनेक्टिकटमधील हिगनम गावच्या क्लार्क कुटुंबाच्या कारखान्याने कडेला खाचा असलेले तवे लोकप्रिय केले. कारण साधे होते : गोल कडेचा तवा धसकटांवरून घसरतो, खाचेचा तवा ती पकडून कापतो. पुढे रचनेचेही प्रकार झाले. एकाच ओळीचा साधा. पुढे दोन आणि मागे दोन ओळी असलेला, मागच्या ओळींनी पुढच्यांनी फेकलेली माती परत सारखी करणारा दुहेरी. आणि एकामागे एक अशा दोनच ओळींचा ऑफसेट. हा शेवटचा प्रकार ट्रॅक्टरच्या सरळ मागे न धावता बाजूला सरकून चालू शकतो, म्हणून ट्रॅक्टर फांद्यांबाहेर ठेवून झाडाखालची माती हलवता येते. फळबागायतदारांनी तो उचलला यात नवल नाही.

घोड्यांच्या काळात या अवजाराने कोणाचे फारसे नुकसान केले नाही. घोडा थकतो, आणि त्याचे थकणे ही जमिनीला मिळालेली एक सवलत होती. ट्रॅक्टर आला आणि ती सवलत संपली.

हेन्री फोर्डचा फोर्डसन १९१७ साली कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला. १९२२ मध्ये त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत उतरली. पहिल्या महायुद्धात सरकारने गव्हाला भावाची हमी दिली होती. त्या आठवणीवर दक्षिणेकडील पठारावर गवताळ जमिनी फोडण्याची चढाओढ लागली. १९२५ ते १९३० या काळात तेथे ५० लाखांहून अधिक एकर नवी जमीन नांगराखाली आली. शहरात राहून, पेरणी-कापणीपुरते येऊन जाणारे ‘सुटकेस शेतकरी’ही त्यात होते.

या लोकांना वेग हवा होता. कॅन्ससमधील प्लेन्स नावाच्या गावच्या चार्ली एंजेल या शेतकऱ्याने तो दिला. त्याचा ‘वन-वे’ म्हणजे नांगर आणि कुळव यांचे मिश्रण होते : एकाच दांड्यावर सगळे तवे, सगळ्यांचे तोंड एकाच बाजूला. रुंदी जास्त, ओढ कमी, काम झपाट्याचे. फाळाच्या नांगराला जेथे आठवडा लागे, तेथे हा त्याच्या अंशात शेत उरकी. गव्हाच्या कोरडवाहू शेतीसाठी याहून सोयीचे अवजार तोवर कोणी पाहिले नव्हते.

दोष असा की ते माती फार बारीक करी. प्रत्येक फेरीगणिक ढेकळे फुटत, धसकटे कापली जाऊन मातीत मिसळत आणि पृष्ठभागावर पिठासारखा थर उरे. त्या काळी याला ‘धुळीचे आच्छादन’ म्हणत आणि त्याने ओल टिकते असा अनेकांचा विश्वास होता. पाऊस पडत होता तोवर तो विश्वास महागात पडला नाही.

१९३१ साली गव्हाचे भरघोस पीक आले आणि भाव कोसळला. पाठोपाठ पाऊस गेला. शेते पेरणीविना उघडी पडली. गवताची मुळे आधीच तुटलेली, धसकटे नाहीत, ढेकळे नाहीत. वाऱ्याला अडवणारे काहीच उरले नव्हते. मे १९३४ मधील एका वादळाने ती माती न्यूयॉर्कवर आणि अटलांटिक महासागरातील जहाजांवर नेऊन टाकली. ‘काळ्या रविवारा’नंतर तेराव्या दिवशी, २७ एप्रिल १९३५ रोजी, अमेरिकेत मृदासंधारणाचा कायदा झाला. ह्यू बेनेट हा त्यामागचा आग्रही माणूस नव्या सेवेचा प्रमुख झाला.

कायदा वॉशिंग्टनमध्ये झाला, पण उत्तर शेतात शोधावे लागले. ओक्लाहोमात एका शेतकरी-लोहाराने छिन्नीसारख्या दात्यांचा नांगर घडवला. तो माती न उलटता फोडी आणि ढेकळे वर ठेवी. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात चार्ल्स नोबल याने दुसराच मार्ग धरला. त्याने एक लांब, सपाट, धारदार पाते जमिनीच्या पृष्ठभागाखाली काही इंचांवरून ओढले. तणांची मुळे तुटली. गव्हाची धसकटे मात्र जागच्या जागी उभी राहिली. ‘नोबल ब्लेड’ म्हणून हे अवजार प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल, आणि वाटायलाच हवे. आडव्या लाकडी दिंडाखाली बसवलेली लोखंडी पास, मागे रुमणे, पुढे बैल : देशावरचा कुळव आणि विदर्भातला वखर हेच काम शतकानुशतके करीत आले आहेत. नोबलने ते पाहिले होते असे मुळीच नाही. कोरड्या, वाऱ्याच्या मुलुखात अडचण सारखी असली की अवजारेही एकमेकांसारखी घडतात, एवढेच.

इंग्रज अधिकाऱ्यांपैकी अनेकांना दख्खनचा शेतकरी आळशी वाटे, कारण तो काळी जमीन दरवर्षी नांगरीत नसे. हरळी किंवा कुंदा माजला तरच चार-पाच जोड्या जुंपून खोल नांगरट होई. एरवी कुळवाच्या पाळ्या. पुढे मांजरी आणि सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन झाले. त्यातून तयार झालेल्या ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ने शिफारस केली ती बांधबंदिस्तीची, तीन वर्षांतून एकदा नांगरटीची, कुळवणीची आणि दोन ओळींत अधिक अंतराच्या पेरणीची. शेतकऱ्याची चाल सरकारी कागदावर चढली ती अशी, बऱ्याच उशिराने.

आता कथेला विलक्षण वळण मिळते. धुळीची वादळे शमून थोडीच वर्षे झाली होती, तोच तव्यांच्या कुळवाची बाजू घेणारा माणूस उभा राहिला. आणि तोही माती वाचवण्याच्या नावाने. एडवर्ड फॉकनर हा ओहायो राज्यातील एक माजी कृषी-प्रसारक. १९४३ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनाने त्याचे ‘प्लाउमन्स फॉली’ हे पुस्तक छापले. प्रकाशक ओक्लाहोमाचा असावा, यातला योगायोग बोलका आहे.

फॉकनरचे म्हणणे थोडक्यात असे : फाळाचा नांगर माती पालथी घालतो आणि पालापाचोळा खोल गाडतो. तेथे तो पिकाच्या उपयोगी पडत नाही, उलट खालून वर चढणारी ओल अडवतो. म्हणून नांगर सोडा. उभे हिरवळीचे पीक तव्यांच्या कुळवाने वरच्या काही इंचांतच मिसळा. स्वतःच्या परसात कुदळीने केलेल्या प्रयोगांपासून त्याने सुरुवात केली होती.

पुस्तक हातोहात खपले. पुलित्झर विजेता कादंबरीकार लुई ब्रॉमफिल्ड याने आपल्या मलाबार फार्मवर या विचारांचा पुरस्कार केला. कृषी महाविद्यालयांतील प्राध्यापक मात्र खवळले. तण कसे आवरणार, भारी चिकणमातीत हे कसे चालणार, हे त्यांचे प्रश्न खोटे नव्हते. फॉकनरने आपले अनुभव जरा जास्तच व्यापक करून सांगितले, हेही खरे.

तरीही मूळ कोड्याचे उत्तर त्या वादातच सापडते. तेच तवे, तोच तिरकसपणा. कॅन्ससमध्ये ते वर्षातून अनेकदा कोरड्या, उघड्या जमिनीवर फिरले. ओहायोत ते पुरेशा पावसाच्या मुलुखात, हिरव्या राईच्या पिकावर आणि मोजक्या वेळा फिरले. एकीकडे पृष्ठभागावर पीठ उरले, दुसरीकडे पाचोळ्याची गोधडी. हा फरक ओळखण्याऐवजी बरेच लोक ‘नांगर की तवे’ एवढ्यावरच भांडत राहिले.

फॉकनरचा सल्ला लहान शेतकऱ्याला परवडावा, यासाठी लहान ट्रॅक्टर लागत होता. आणि तो नुकताच आलेला होता. आयर्लंडच्या काउंटी डाउनमध्ये १८८४ साली जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनने फोर्डसनचा एक भीषण दोष पाहिला होता. मागे साखळीने जोडलेला नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाई आणि चालकावर उलटे. फर्ग्युसनने अवजार तीन सांध्यांनी ट्रॅक्टरलाच जोडले : खाली दोन, वर एक. आता अवजार अडकले की वरचा सांधा ट्रॅक्टरला पुढे रेटून त्याचे तोंड खाली दाबी. शिवाय अवजाराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढे. जड ट्रॅक्टरचे काम हलका ट्रॅक्टर करू लागला.

१९३९ मध्ये फोर्डच्या कारखान्यातून या रचनेचा ‘९एन’ निघाला : वजन एक टनाच्या आसपास, किंमत ५८५ डॉलर. फर्ग्युसनने १९४६ पासून इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत ‘टीई२०’ काढला. दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक गेले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला तोही फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरूनच. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही ट्रॅक्टरमागे दिसणारी थ्री-पॉइंट जोडणी याच वंशाची आहे.

पण तव्यांच्या कुळवाबाबत या सुंदर रचनेने एक पेच निर्माण केला. तवा शिरतो वजनाने. आणि तीन सांध्यांवर अवजार उचलायचे, तर वजन हवे तेवढे वाढवता येत नाही. हलक्या ट्रॅक्टरमागे जड कुळव उचलला की पुढची चाके जमीन सोडू पाहतात, सुकाणू हलके पडते. हलका कुळव लावला, तर कठीण रानात तो वरचेवर घसरतो. ओढीव कुळव जड असू शकतो, पण लहान वावराच्या टोकाला तो वळवणे म्हणजे कसरत.

तेव्हापासून आजवर लहान ट्रॅक्टरसाठी डिस्क हॅरो निवडणारा प्रत्येक जण याच पेचातून जातो. दुकानात दिसते ती रुंदी आणि तव्यांची संख्या. खरा हिशेब आहे तो दर तव्यामागे किती किलो पडतात याचा. चौकट तेवढ्याच वजनाची असेल, तर तवे वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याचा भार घटतो. म्हणून कमी अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मोजक्या तव्यांचा, पण अंगाने भक्कम कुळव अधिक साजतो. अट एवढीच की त्याने चाकांचे माग तरी पुसले पाहिजेत. धसकटे असतील तर पुढे खाचेचे तवे, मागे साधे. दांड्याचा कोन बदलण्याची सोय असावी, कारण ओली आणि वाळलेली काळी माती ही जवळजवळ दोन वेगळी रानेच असतात. ओलीत तवे चालवले, तर ते माती कापण्याऐवजी लिंपतात आणि खाली घट्ट थर बसतो.

नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षबागांत ओळींमधून चालणारे छोटे ट्रॅक्टर आता नित्याचे आहेत. त्यांच्यामागे अनेकदा रोटाव्हेटर दिसतो, जो माती तव्यांपेक्षाही बारीक करतो. दुसरीकडे कोरडवाहू पट्ट्यात ट्रॅक्टरमागे जोडायचा पासेचा वखरही मिळतो : लोखंडी चौकट, तीन सांधे आणि खाली तीच आडवी पास. बैलांच्या जागी इंजिन आले आहे. पाते जमिनीखालून तसेच सरकते आणि धसकटे उभीच राहतात.