समीकरणाचे सामान्य रूप

बीजगणिताच्या शालेय पुस्तकात विद्यार्थ्याला प्रथम सांगितले जाते, की एकघाती समीकरण सामान्य रूपात मांडावे: अव्यक्ते एका बाजूस, ज्ञात संख्या दुसऱ्या बाजूस. हा नियम केवळ नीटनेटकेपणासाठी आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु त्यामागे एका मोठ्या वैचारिक संघर्षाचा इतिहास आहे, आणि आमच्या मते तो परप्रांती राहणाऱ्या मराठी वाचकानेही जाणून घेण्यासारखा आहे.

भास्कराचार्यांच्या बीजगणितातील एक उदाहरण पाहू. एका माणसापाशी तीनशे रुपये व सहा घोडे आहेत. दुसऱ्यापाशी दहा घोडे असून त्याच्यावर शंभर रुपयांचे ऋण आहे. दोघांची संपत्ती समान. तर घोड्याची किंमत काय? भास्कराचार्य अज्ञात किमतीला 'यावत्तावत्' म्हणतात व दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडतात: वर या ६ रू ३००, खाली या १० रू १००. ऋण दर्शविण्यासाठी या शंभरावर बिंदू दिला जाई. मग एका पक्षातील अव्यक्त दुसऱ्यातून वजा करावे, आणि रूपे त्याच्या उलट बाजूने. उरते ते असे: चार घोडे बरोबर चारशे, म्हणून एक घोडा शंभर रुपयांचा, आणि प्रत्येकाची संपत्ती नऊशे. या शोधनालाच आपण आज सामान्य रूप देणे म्हणतो.

या मांडणीतील खरे बळ त्या बिंदूत आहे. इ. स. ६२८ मध्ये भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्तांनी धन, ऋण व शून्य यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम सांगितले. ऋण ही संख्याच मानल्यामुळे कोणतेही पद बेधडक दुसऱ्या बाजूस नेता येई. सुमारे दोन शतकांनंतर बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने आपला ग्रंथ लिहिला. त्याच्या 'अल्-जब्र' या क्रियेत वजा झालेले पद दुसऱ्या बाजूस मिळवून भरून काढीत, तर 'मुकाबला' या क्रियेत दोन्ही बाजूंची समान पदे छाटीत. ऋण संख्या त्याला मान्य नसल्यामुळे त्याने समीकरणांचे सहा प्रकार वेगवेगळे मानले. परंतु याच ग्रंथाच्या नावावरून युरोपात 'अल्जेब्रा' हा शब्द रूढ झाला, आणि त्याचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. वारसाहक्कासारख्या व्यवहारी वाटण्यांसाठी त्याने एकच पद्धत हाती दिली. आमचे म्हणणे एवढेच, की अनेक रूपे एका रूपात आणण्यासाठी आधी कर्जालाही संख्येचे स्थान द्यावे लागते.

हे ज्ञान कसे टिकले, याचीही कथा बोधप्रद आहे. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, जे सिंघण यादवाचे ज्योतिषी होते, त्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. पुढे शाहजहानच्या काळात बीजगणिताचे फारसी भाषांतर झाले. त्यावरून कंपनीचे अधिकारी एडवर्ड स्ट्रेची यांनी १८१३ मध्ये ते इंग्रजीत आणले, आणि १८१७ मध्ये हेन्री कोलब्रूक यांनी मूळ संस्कृतवरून भाषांतर प्रसिद्ध केले. कोलब्रूक हे बंगालमध्ये न्यायखात्यात काम केलेले गृहस्थ होते. घरापासून दूर, परक्या मुलुखात नेमणुकीवर असताना त्यांनी तेथील विद्या आपलीशी केली. सरकारी कामातून उरलेल्या वेळाचे काय करता येते, याचे याहून चांगले उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

सामान्य रूपात आणल्यावर घोडे, रुपये, सावकार ही सारी नावे गळून पडतात. काहींना हे रुक्ष वाटते. परंतु ज्याच्यावर कर्ज आहे तो आणि ज्याच्यापाशी रोकड आहे तो, हे दोघे एकाच ओळीत, एकाच नियमाने मोजले जातात, ही त्या रुक्षतेतील न्यायबुद्धी आहे. मांडणी बदलली तरी सत्य बदलत नाही. उलट ते दिसू लागते.